भुरीच्या जटा सोडवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आपल्या दोघींच्या घरांत फक्त एक जिना आहे, तरी पत्र लिहितेय. समोर आले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवता. आणि हे उघड लिहितेय ते अशासाठी, की माझ्यासारखं कुणी मांजराच्या केसांपुढे हात टेकून बसलं असेल, तर तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही कामी यावं.

आमची भुरी बारा वर्षांची. पर्शियन मांजर, केस लांब, आत दाट मऊ लव. पूर्वी दिवसभर अंग चाटून स्वतःला लख्ख ठेवायची. सांधे धरल्यापासून तिला मान वळवून कमरेपर्यंत पोचता येईना. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. जुलैच्या दमट हवेत कानांमागे, काखेत, मागच्या मांड्यांच्या आत लोकरीच्या गोळ्यांसारख्या जटा झाल्या, तेव्हा मी शिवणाची कात्री घेतली. मांजराची कातडी किती पातळ आणि सैल असते हे मला ठाऊक नव्हतं. जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते, आणि केस कुठे संपले ते दिसतच नाही. दोन टाके पडले. त्या जखमेचं मला आजही वाईट वाटतं.

जखम भरली, पण फणी दिसली की भुरी पलंगाखाली. माझेही हात थरथरत. उरलेल्या जटा वाढत राहिल्या. भूल देऊन केस काढता येतील, पण या वयात आधी रक्त तपासावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी घाबरून दिवस ढकलत राहिले.

त्या रविवारी तुम्ही वाटी परत करायला आलात. भुरीला पाहिलंत आणि काही न विचारता फरशीवर बसलात. अर्धा तास नुसत्या बसून होतात. ती आपणहून बाहेर आली, तुमची बोटं हुंगली, तेव्हा म्हणालात, "जुना पंचा आण." प्रसूतिगृहात इतकी वर्षं बाळं गुंडाळलेले तुमचे हात! भुरीला तसंच गुंडाळलंत, एकच पाय बाहेर ठेवून, आणि ती चक्क गप्प पडून राहिली.

आधी आंघोळ घालू या का, असं मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत, पाण्याने जट लोकरीसारखी आणखी आवळते. मग चिमूटभर कॉर्नफ्लोर जटेत बोटांनी चोळलंत, जटेचं मूळ दोन बोटांत घट्ट धरलंत म्हणजे ओढ कातडीला लागू नये, आणि रुंद दातांच्या स्टीलच्या फणीने टोकापासून थोडं थोडं मोकळं करत आत गेलात. मी नेहमी मुळापासून खाली ओढत होते. भुरीची शेपटी जोरात आपटायला लागली की तुम्ही फणी खाली ठेवायचात. "आज एवढंच." अर्धी राहिली तरी तिथेच थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यांत अवघड गेलं, आणि त्यानेच भुरीचा विश्वास परत आला. अकरा दिवस तुम्ही रोज जिना चढून आलात, गुडघे दुखत असताना.

काखेतली एक जट कातडीला अगदी चिकटली होती. तिला तुम्ही हात लावला नाहीत. "हे आपलं काम नाही, डॉक्टरांकडे ने." त्यांनी मशीनने ती काढली, भुलीशिवाय.

नखांचंही तसंच. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा. बोटाची गादी हलकेच दाबून नख बाहेर काढायचं, आतला गुलाबी भाग सोडून फक्त पारदर्शक टोक कापायचं. पुढच्या अंगठ्याचं एक नख वळून गादीत रुतायच्या बेतात होतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आणि ती पिसवांची पावडर! कुत्र्यांची म्हणून दुकानातून मी आणली होती. तुम्ही डबीवरची बारीक अक्षरं वाचलीत, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक दिसलं आणि डबी माझ्या हातातून काढून घेतलीत. कुत्र्याला चालतं ते मांजराच्या जिवावर उठू शकतं. औषध देण्याआधी वाचायची तुमची ती जुनी सवय नसती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

आता रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं फणी फिरते. परवा ड्रॉवर उघडल्याचा आवाज ऐकून भुरी आपणहून मांडीवर येऊन बसली.

रविवारी तिला घेऊन खाली येते. तुम्ही तिच्या काखेत आणि मांडीच्या आत बोटं फिरवून बघा, कुठे गाठ लागते का.

तुमची,
वरच्या मजल्यावरची