अभिप्राय न ऐकताच दिला, शुल्क परत करावे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(ई-मेलद्वारे)

विषय : ‘रेडिओ व पॉडकास्ट पत्रकारिता’ या ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमातील त्रुटी व शुल्क परताव्याची मागणी

महोदय / महोदया,

आपल्या अभ्यासक्रमाचे 14,500 रुपये मी एकरकमी भरले. जाहिरातीतली एकच ओळ वाचून भरले : ‘प्रत्येक ध्वनिवृत्त अनुभवी पत्रकार स्वतः ऐकतील आणि वैयक्तिक अभिप्राय देतील.’ ध्वनिमुद्रण कसे करायचे, कापायचे कसे, हे दाखवणारे व्हिडिओ फुकटात ढीगभर मिळतात. आपण केलेले काम जाणत्या माणसाने कान देऊन ऐकणे मात्र फुकटात मिळत नाही. पैसे त्याचे होते, आणि तक्रारही त्याचीच आहे.

बाहेर जाऊन करायच्या वृत्तासाठी मी लासलगाव बाजार समितीतला कांद्याचा लिलाव घेतला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, लिलाव पुकारणाऱ्याचा चढत जाणारा सूर, मध्येच कोणाचा तरी हॉर्न, आणि एका ट्रॉलीचा सौदा संपतो न संपतो तोच पुढच्या ट्रॉलीकडे सरकणारा घोळका. एका शेतकऱ्याला मी विचारले, “काय भाव मिळाला?” तो लगेच बोलला नाही. तेवढ्यात मागे दुसऱ्याच्या मालाची बोली सुरू झाली, ती स्पष्ट ऐकू येते, आणि मग तो आकडा सांगतो. तो विराम मी मुद्दाम कापला नाही. या वृत्तात ऐकण्यासारखे काही असेल तर तेच आहे.

त्यावर आलेला आपल्या ‘तज्ज्ञां’चा अभिप्राय जसाच्या तसा देते : “विषय छान. पाश्वभूमीचा गोंगाट कमी करा. नॉइज रिडक्शन वापरा. शक्यतो शांत खोलीत रेकॉर्ड करा.”

कांद्याचा लिलाव शांत खोलीत कसा मुद्रित करायचा, हे कळवल्यास आभारी राहीन. बाजारातला आवाज काढून टाकला, तर वार्ताहर तिथे गेली होती याला पुरावा काय उरतो? शिवाय एकाच सुरात घरघरणारा पंखा किंवा एसी असेल, तर नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज गाळण्याची सोय, उपयोगी पडते. सतत बदलणाऱ्या गर्दीवर ते जोरात लावले की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हे आपल्याच अभ्यासक्रमातल्या एका धड्यात सांगितले आहे. म्हणजे अभिप्राय देणाऱ्याने माझे वृत्त ऐकले नाही ते नाहीच, आपला धडाही ऐकलेला दिसत नाही.

हे मी केवळ रागाने लिहीत नाही. आमच्याच तुकडीतल्या कोल्हापूरच्या एका प्रशिक्षणार्थीने आपल्या आजीची मुलाखत बंद खोलीत घेतली होती. जात्यावरच्या ओव्यांबद्दल. तिच्या फाइलमध्ये मागे साधा पंखासुद्धा वाजत नाही. तिलाही हाच अभिप्राय आला, शब्दाला शब्द, ‘पाश्वभूमी’तल्या हरवलेल्या रफारासकट. दोन्ही अभिप्रायांचे स्क्रीनशॉट तिच्या संमतीने सोबत जोडले आहेत.

मुलाखत आटोपल्यावर अर्धा-एक मिनिट कोणीही न बोलता त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करून ठेवावा, म्हणजे संकलनात दोन वाक्यांमधला सांधा ऐकू येत नाही, ही अगदी पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. ती मला आकाशवाणीवर हंगामी निवेदक राहिलेल्या ओळखीच्या एका बाईंनी चहा पिता पिता सांगितली. आपल्या अभ्यासक्रमात ती कुठेच नाही. अंतिम फाइलची पातळी उणे 23 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचे एकक; आकडा शून्यापासून जितका खाली, तितका आवाज बारीक) ठेवा, असे मात्र ठासून सांगितले आहे. ते युरोपातल्या प्रसारणाचे मान आहे. अॅपल पॉडकास्टसाठी उणे 16 च्या आसपासची पातळी सुचवते. आपल्या सांगण्याप्रमाणे तयार केलेला भाग एसटीत बसून मोबाइलवर ऐकून पाहा, फक्त इंजिन ऐकू येईल.

लेखनाचे धडे चांगले आहेत, हेही नोंदवते. एका वाक्यात एकच आकडा, बोलणाऱ्याची ओळख त्याच्या आवाजाच्या आधी, हे नीट शिकवले आहे. पण ते धडे आधीच मुद्रित केलेले आहेत, आणि जाहिरातीत भर त्यांच्यावर नव्हता.

आणखी एक बाब मला अधिक गंभीर वाटते. ‘खासगी एफएम वाहिन्यांवर बातमीदार म्हणून नोकरीची संधी’ असे आपल्या जाहिरातीत आजही झळकते आहे. आपल्या देशात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. 2011 च्या धोरणानुसार त्या आकाशवाणीचे वार्तापत्र आहे तसे लावू शकतात. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल अशी माहिती देऊ शकतात. मग ही बातमीदाराची जागा नेमकी कुठल्या वाहिनीवर आहे? माझ्या तुकडीत नुकतीच बारावी झालेली मुले आहेत. घरच्यांनी या ओळीवर विसंबून पैसे भरले आहेत.

याआधी आपल्या मदत कक्षाला मी लिहिले, तेव्हा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढेच उत्तर आले. (तोही तयार मजकूरच असावा.)

माझी मागणी अशी : माझे वृत्त कोणी आणि कधी ऐकले, ते लेखी कळवावे. ते सांगता येत नसेल, तर पूर्ण शुल्क परत करावे. अभ्यासक्रमाची मुदतवाढ किंवा पुढच्या अभ्यासक्रमावर सवलत मला नको आहे. नोकरीचा दावा जाहिरातीतून काढावा आणि तो काढल्याचे सध्याच्या सर्व प्रशिक्षणार्थींना कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी मी राहते त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी, निफाड तालुका, जि. नाशिक
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे.)

सोबत : शुल्काची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन्ही अभिप्राय, लासलगावच्या वृत्ताची मूळ वेव्ह फाइल