तास वाढवण्याआधी दोन वह्या शेजारी ठेवून बघा

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री
स.न.वि.वि.

मी घाटकोपर पूर्वेला राहतो. सांताक्रूझच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या इमारतीवरून चाकं बाहेर काढूनच जातात. एकतीस वर्षं याच विमानतळावर विमान देखभाल अभियंता म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. माझ्या मुलीकडे कमर्शियल पायलट लायसन्स आहे आणि नोकरी नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा स्वार्थ कुठे आहे ते आपल्याला कळेल.

१२ जून २०२५ ला अहमदाबादची दुर्घटना झाली. त्यानंतर सोसायटीत भेटेल तो मला एकच विचारायचा, "काका, पायलटचे तास किती होते?" लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे तेच. आपल्याकडे २०० तास उड्डाण केलं की लायसन्स मिळतं आणि टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाचं खास प्रशिक्षण, करून मुलं थेट एअरबसच्या उजव्या सीटवर, को-पायलट म्हणून बसतात, हे कळलं की लोक हादरतात. मग म्हणतात, अमेरिकेसारखे १५०० तास करून टाका. मागणी करणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण तो नियम इथे आणलात तर आपल्या हातून नुकसान होईल, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत तो नियम कसा आला ते आधी बघू. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे विमान पडलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जीव गेले. वेग कमी झाला होता, स्टॉल, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटणं, जवळ आल्याचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम हातात थरथरायला लागला. अशा वेळी नाक खाली करायचं असतं. कॅप्टनने ते वर ओढलं. मृतांच्या कुटुंबीयांनी संसदेत पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तास बंधनकारक झाले. सैन्यातून आलेल्यांना ७५० आणि विमानविद्येची ठरावीक पदवी घेतलेल्यांना १००० तासांची सवलत मिळाली.

पण त्या कॉकपिटमध्ये नवखं कोणीच नव्हतं. कॅप्टनचे तीन हजारांवर तास होते, को-पायलटचे दोन हजारांवर. आजचा नियम त्या दिवशी लागू असता तरी दोघंही त्यात बसले असते. चौकशीत पुढे आलं ते वेगळंच. कॅप्टन आधी उड्डाणाच्या अनेक चाचण्यांमध्ये नापास झाला होता आणि त्यातलं सगळं कंपनीला माहीत नव्हतं. को-पायलट आदल्या रात्री सिएटलहून प्रवास करत कामावर आली होती, धड झोप झालेली नव्हती. त्याच कायद्याने वैमानिकांच्या नोंदींचा राष्ट्रीय डेटाबेस आणला, विश्रांतीचे नियमही बदलले. त्यानंतर अमेरिकेचं आकाश बरीच वर्षं सुरक्षित राहिलं, हे नियमाचे समर्थक सांगतात आणि ते खरं आहे. मात्र त्याचं श्रेय एकट्या १५०० या आकड्याला देणं मला पटत नाही.

आणि अमेरिकेत १५०० तास जमवायला जागा आहे. तिथली मुलं इन्स्ट्रक्टर होतात, शेतावर फवारणी करतात, छोट्या चार्टरवर उडतात. गावोगावी धावपट्ट्या आहेत. आपल्याकडे काय आहे? जुहूला १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, १९२९ साली जेआरडींनी देशातलं पहिलं लायसन्स तिथेच मिळवलं. आज त्याच क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला चालतं, कारण मुंबईच्या आकाशात शिकाऊ मुलाला सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारायला जागा उरली नाही. धुळं, गोंदिया, नाहीतर राज्याबाहेर, अशी मुलं पांगतात. लायसन्स मिळाल्यावर तास कमवायची सोय जवळजवळ नाहीच. माझ्या मुलीला आम्ही तासाला सुमारे बारा हजार रुपये मोजले. उरलेले १३०० तास त्याच दराने विकत घ्यायचे तर एक कोटी छप्पन्न लाख होतात. मी फ्लॅट विकला तरी सगळं कर्ज फेडून तेवढे हातात राहणार नाहीत. ज्याच्या बापाकडे तेवढे आहेत तोच कॉकपिटमध्ये जाईल. बाकीचे काय करतील, ते मला चांगलं माहीत आहे.

वैमानिकांच्या बोलीत 'पी-५१ चे तास' असा एक शब्द आहे. पार्कर-५१ हे पेन. म्हणजे विमानात न बसता पेनाने उडवलेले तास. हे माझ्या घरात आलं.

मुलगी दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये होती. तिथे कधी विमान बंद, कधी इंधन नाही, कधी इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला. आठवडेच्या आठवडे मुलं हॉस्टेलवर बसून. दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी सहज तिचं लॉगबुक, म्हणजे उडवलेल्या तासांची वही, चाळायला घेतलं. आयुष्यभर नोंदी वाचल्या, हात आपोआप तारखांवर जातो. ऋषिपंचमीच्या तारखेला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, होती. त्या दिवशी ती इथे होती, आमच्या गणपतीला. माझ्या शेजारी पाटावर बसून ऋषीची भाजी खात होती. मी तिला बोलावलं, पान दाखवलं. ती पांढरी पडली. कमी पडलेले तास भरून काढण्यासाठी शाळेच्या ऑफिसने मुलांच्या वह्या नेल्या होत्या आणि परत आल्यावर तिने तारखा तपासल्याच नव्हत्या. दोघांनी बसून मोजलं. अकरा तास न उडवलेले होते.

मी तिथे गेलो. हँगरमधल्या माणसांना माझ्या पेशाची ओळख होती, त्यांनी त्या नोंदीतल्या विमानाचं लॉगबुक काढून दिलं. त्या तारखेला ते विमान शंभर तासांच्या इन्स्पेक्शनसाठी आत होतं, इंजिनावरचं काउलिंग उतरवलेलं, इंजिनाचा मॅग्नेटो टेबलावर. ऑफिसमधले गृहस्थ मला शांतपणे म्हणाले, "अहो काका, तास पायलटला लागतात, विमानाला नाही."

ते अकरा तास मुलीने खोडले आणि पुन्हा उडवले. पैसे आम्हीच भरले. मी लेखी तक्रार मात्र केली नाही. तिचं लायसन्स अडकेल, बरोबरची मुलं तिला वाळीत टाकतील, अशी भीती वाटली. तेव्हा गप्प राहिलो ती माझी चूक होती. आज हे लिहितोय त्यामागे ती बोच आहे.

साहेब, त्या गृहस्थांचं वाक्य पुन्हा वाचा. सगळी किल्ली त्यातच आहे. पायलटचे तास वाढले की शाळेचा फायदा, मुलगा लवकर बाहेर पडतो. पण विमानाचे तास वाढवले तर शाळेचा तोटा. शिकाऊ मुलांच्या सेसना १७२ विमानाच्या लायकमिंग इंजिनाला साधारण २००० तासांनी ओव्हरहॉल लागतो, त्याचा खर्च मोठा. दर शंभर तासांनी इन्स्पेक्शन. म्हणून खोटे तास मुलाच्या वहीत चढतात, विमानाच्या वहीत चढत नाहीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि तारीखवार मिळवल्या, की फरक उघडा पडतो. त्यात टॉवरची नोंद आणि इंधनाची पावती घातली तर पळवाट उरतच नाही. नवी यंत्रणा कशाला हवी? वैमानिकाचं लॉगबुक आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ई-जीसीए पोर्टलवर आहे. विमानाच्या नोंदी त्याच्यासमोर आणा आणि मिळत नसेल ती नोंद आपोआप लाल होऊ द्या. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देऊ लागलं, ते चांगलं पाऊल आहे. दोन वह्यांचा ताळा हा त्या श्रेणीचा पहिला निकष करा.

२०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते, ते आपल्याला आठवत असेल. २०० तासांचा पल्ला गाठतानाच इतकी पळवाट शोधली जात असेल, तर १५०० चा आकडा लावल्यावर पार्करची शाई किती खपेल?

आता त्या २०० तासांच्या आत काय असतं तेही बघा. नियमाप्रमाणे १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, ३०० सागरी मैलांचं एक लांब पल्ल्याचं उड्डाण, रात्रीचे पाच तास, फक्त उपकरणं बघून उडवलेले दहा. बाकी बरंचसं स्वच्छ हवेतलं, त्याच धावपट्टीभोवतीचं. मुंबईत जुलैत २७ वर उतरताना आडवा वारा, मुसळधार पाऊस आणि पाणी साचलेली धावपट्टी असते. १ जुलै २०१९ च्या रात्री याच धावपट्टीवरून एक विमान पुढे घसरलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. सेसनावर निरभ्र सकाळी आणखी हजार सर्किट मारून मुलगा त्या रात्रीसाठी तयार होत नाही. आपण स्वतः तालमीत घडलेले आहात. हौद्यात किती वर्षं काढली यापेक्षा कोणाबरोबर जोर केला, हे वस्ताद बघतो ना?

युरोपात २०० तासांच्या आसपासची मुलं को-पायलट होतात. पण डिसेंबर २०१९ पासून तिथे प्रत्येकाला आधी खऱ्या विमानात विमान कलंडल्यावर सावरण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, किमान पाच तास वर्गात आणि तीन तास आकाशात. बफेलोला नेमकं तेच कमी पडलं होतं. हे तीन तास आपल्या २०० मध्ये बसवा. १३०० तासांच्या तुलनेत त्याचा खर्च काहीच नाही.

आणि उजव्या सीटवरच्या पोराला बोलायला शिकवा. हे मी कळकळीने लिहितोय. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला भर पावसात विमान डोंगरमाथ्यावरच्या टेबलटॉप धावपट्टीच्या निम्म्यावर टेकलं आणि पुढे दरीत गेलं. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. चौकशी अहवाल सांगतो की को-पायलटने 'गो-अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. ते मानलं गेलं नाही आणि त्याने कंट्रोल हातात घेतले नाहीत. आपल्या घरात, शाळेत, ऑफिसात थोरल्यांचा शब्द मोडायचा नाही हेच आपण मुलांना शिकवतो. मग बाविसाव्या वर्षी, दहा हजार तासांच्या माणसाशेजारी, चार सेकंदांत तो मोडायचं बळ त्यांच्यात कुठून येणार? ते सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं, आणि त्याने कंट्रोल घेतले तर कंपनी त्याच्या पाठीशी राहील हे आधी सांगावं लागतं.

२०२३ मध्ये आपल्या दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून ९७० विमानांची ऑर्डर दिली. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. माणसं लागणार आहेत, भरपूर आणि लवकर. अशा घाईतच वह्या भरल्या जातात.

माझी तयारी आहे. डीजीसीएचं पत्र द्या आणि महाराष्ट्रातली कोणतीही एक फ्लाइंग स्कूल निवडा. गेल्या सहा महिन्यांची मुलांची लॉगबुकं आणि विमानांची लॉगबुकं एका टेबलावर ठेवायला सांगा. मी माझ्या खर्चाने जाईन, बसून तारीखवार ताळा करीन आणि जो निघेल तो कागद आपल्या कार्यालयात आणून देईन. मानधन नको. माझ्या मुलीच्या नोकरीचा विषय मी त्या कागदाबरोबर काढणार नाही.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
घाटकोपर पूर्व, मुंबई