ओवलेल्या 12 सुयांसाठी

अगं, हे तुला फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा गळा भरून आला, म्हणून शेवटी लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण एकटीला सांगितलं की तू "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतेस.

आपली गोधडी जोडून झाली. 80 च्या 80 ब्लॉक, तुकडे जोडून केलेले सगळे चौकोन. काल रात्री पलंगावर पसरली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

तुला माहितीये हे काम मी आधी कुणाकुणाबरोबर सुरू केलं होतं. पाच जणी होतो, उत्साह तर असा की विचारू नकोस, मग एकीने कापड घेतलं ते घेतलंच, दुसरी मेसेज बघून गप्प, आणि उरलेल्यांनी माझे ब्लॉक बघून जे केलं ते मला अजून विसरता येत नाही. चूक माझीच होती, ते मी तेव्हाही मान्य केलं. बोथट पेन्सिलीने रेघ जाड यायची आणि मी टाके रेघेच्या आतल्या कडेने घालत गेले, शिवण पाव इंचापेक्षा अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त. ऐकायला काहीच नाही वाटत पण नऊ तुकड्यांच्या ब्लॉकमध्ये आडव्या दोन शिवणी, प्रत्येक शिवण दोन्हीकडचं कापड खाते, म्हणजे चारदा अर्धा सूत गेला, साडेसहा इंचाचा ब्लॉक सव्वासहा भरला, आणि आठ ब्लॉकच्या ओळीत दोन इंच गायब. पण चूक दाखवायची काही रीत असते ना? ग्रुपवर सगळ्यांदेखत पट्टी लावून काढलेला फोटो, आणि खाली लिहिलेलं, "जमत नसेल तर घ्यायचं कशाला." माझ्या मनगटाचं प्लास्टर निघून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता, हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

तेच 14 ब्लॉक तू मागून घेतलेस. उसवू नकोस म्हणालीस. माझ्या ब्लॉकना बाजूने जरा रुंद पट्टी, तुझ्यांना अरुंद, झाले सगळे सारखे. एवढ्यावरही मी तुझे आभार मानलेच असते.

पण मला लिहायचंय ते सुयांबद्दल. दुसऱ्या खेपेला तुझ्याकडून जो गठ्ठा आला त्यात कापलेल्या तुकड्यांवर फ्लॅनेलची एक घडी होती, उघडली तर आत 12 सुया टोचलेल्या आणि प्रत्येक सुईत दोरा ओवलेला, हातभर, टोकाला गाठ मारून तयार. चिठ्ठी नाही काही नाही. मी तुला कधीच बोलले नव्हते की मला सुई ओवता येत नाही. शिवायला जमायचं, पण अंगठा आणि बोट जुळवून दोऱ्याचं टोक सुईच्या नेढ्यात घालायचं म्हटलं की हात थरथरायचा, एकेका सुईला पाच-दहा मिनिटं जायची, कधी कधी तर रडू यायचं आणि काम तसंच ठेवून द्यायचे. परत परत ओवायला नको म्हणून मी दोरा भलताच लांब घ्यायचे. तो मग पीळ खाऊन गुंतायचा आणि ब्लॉकच्या मागे गाठी पडायच्या. तू त्या गाठी बघितल्यास! फोटो काढणाऱ्यांनी समोरची बाजू मोजली, तू ब्लॉक उलटा करून बघितलास आणि त्यावरून माझा हात ओळखलास.

त्या दिवशी मी सलग तीन ब्लॉक शिवले, महिन्यांनंतर पहिल्यांदाच.

आणि मग दर खेपेला मी रिकाम्या सुया पाठवायचे आणि तू भरून पाठवायचीस, एकदाही त्यावर बोललो नाही आपण. ज्याला खरंच मदत करायची असते ना तो समोरच्याला हात पसरायला लावत नाही, बघतो आणि करून मोकळा होतो, अशी माणसं फार थोडी असतात गं आणि आपल्याला ती भेटली की आधी कळतच नाही काय झालं. मला तर वाटलं होतं की शिवण आपल्यासाठी संपलं. सुईचा डबा मी कपाटात अगदी वर, हात पोचणार नाही असा ठेवून दिला होता.

आता हात बराच सुधारलाय. परवा मी स्वतः सुई ओवली, चौथ्या प्रयत्नात, आणि पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

शेवटच्या गठ्ठ्यातल्या 11 सुया वापरल्या. बारावी अजून फ्लॅनेलमध्ये तशीच आहे, तुझा निळा दोरा घालून. गोधडीच्या कडेच्या गोटाचा पहिला टाका त्या सुईने घालायचाय आणि तो तू घालायचास. कधी येतेस सांग, तोवर मी हात लावत नाही.