प्रपंचात राहून घेतलेले वचन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गरिबीचे व्रत घेणाऱ्या, इटलीतील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या निधनाला ३ ऑक्टोबर २०२६ रोजी आठशे वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने त्याच्या मठांतील, कमरेला दोरी बांधणाऱ्या धर्मबंधूंविषयी लिहिले जाईल आणि ते योग्यच आहे. मात्र घरदार न सोडता फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्या प्रापंचिकांची दखल सहसा कोणी घेत नाही. त्यांच्यापैकी एक या नात्याने हे पत्र लिहीत आहे.

मी मार्केट यार्डातील एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. अशा प्रापंचिकांच्या सेक्युलर फ्रान्सिस्कन संघाचे वचन मी घेतले, तेव्हा "आता तुम्ही फादर होणार का? मग वहिनींचं काय?" असे शेजाऱ्यांनी काळजीने विचारले होते. गळ्यात तुळशीची माळ घातलेला शेतकरी नांगर सोडत नाही, असे सांगितल्यावर त्यांना बरेचसे उमगले. ही तुलना पूर्ण नाही, कारण आमच्या वचनामागे चर्चने मान्य केलेली लेखी नियमावली आहे, आणि ते घेण्यापूर्वी किमान एक वर्ष शिक्षण घ्यावे लागते. या प्रापंचिकांसाठीचे पहिले नियम १२२१ मधले असून, सध्याची नियमावली पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये मंजूर केली. शुभवर्तमानाकडून (येशूच्या जीवन-शिकवणीच्या ग्रंथाकडून) जीवनाकडे आणि जीवनाकडून शुभवर्तमानाकडे जाणे, हे तिचे सूत्र आहे.

इटलीतील पोज्जिबोन्सी गावचा लुकेसियो आणि त्याची पत्नी बुओनादोन्ना हे या वाटेचे पहिले प्रवासी, अशी परंपरा सांगते. लुकेसियो धान्याचा व्यापारी होता. साठा करून भाव चढण्याची वाट पाहणारा. पुढे त्याने बहुतेक मालमत्ता गरिबांना वाटून टाकली आणि थोडी जमीन स्वतः कसून पती-पत्नी राहू लागली. रोज सौदे पाहणाऱ्या माझ्यासारख्याला, राजा असूनही या प्रापंचिकांच्या संघाचा आश्रयदाता संत मानला जाणारा फ्रान्सचा संत लुई यांच्यापेक्षा हा व्यापारी अधिक जवळचा वाटतो.

पूर्वी मी ज्या पेढीवर होतो, तिथे गुळाच्या रव्याचे (ढेपेचे) वजन शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, उतरवताना वरचे शे-दोनशे ग्रॅम सोडून दिले जात. लिहिणारा हात माझाच होता आणि त्याबद्दल मी कधी ब्रही काढला नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा (उपासना) चुकत नव्हती, म्हणून मी स्वतःला भाविक समजत होतो. वचनाच्या तयारीत असताना एका संध्याकाळी भुदरगडकडचा एक म्हातारा शेतकरी चष्मा नसल्यामुळे पट्टी डोळ्यांजवळ धरून आकडे लावत बसलेला मला दिसला. शेवटी ती माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "तुम्हीच बघा सायेब, तुमच्यावर इस्वास हाय." त्या रात्री मला प्रार्थना म्हणता आली नाही. दुसऱ्या दिवशी मालकांशी बोललो आणि महिनाभरात ती नोकरी सुटली. घरात ओढाताण झाली, मुलीची शिकवणी बंद करावी लागली आणि त्याचे ओझे माझ्याहून अधिक पत्नीने वाहिले. तिने वचन घेतलेले नाही, तरी त्या वचनाची किंमत तिनेही मोजली, हे इथे लिहिलेच पाहिजे.

आपणांस विनंती एवढीच की, फ्रान्सिसवर पुरवणी काढाल तेव्हा मठांबरोबरच दुकाने, दवाखाने आणि शाळांमध्येही एखादा वार्ताहर पाठवावा.

आपला नम्र,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर