ओंकार, विमानात बसण्याआधी हे वाच

रेडमंड, वॉशिंग्टन
१२ जुलै

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, ‘ताई, तिकडे सगळं कायदेशीर असतं, आल्यावर निवांत ऑनलाइन पोकर खेळता येईल.’ आईबाबा शेजारी होते म्हणून मी गप्प बसले. रात्री मात्र डोळा लागला नाही.

अमेरिकेत याला एकच कायदा नाही रे, राज्य बदललं की कायदा बदलतो. न्यू जर्सीतला तुझा मित्र घरबसल्या मोबाइलवर खेळतो, ते तिकडे २०१३पासून रीतसर चालतं. तू येतोयस सिएटलला. वॉशिंग्टन राज्यात इंटरनेटवरून पैसे लावणं २००६ सालापासून ‘क्लास सी फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. त्या कलमात टेलिफोन, तार, रेडिओ, अगदी सेमाफोरसुद्धा आहे, म्हणजे झेंड्यांच्या खुणा. त्याच ओळीत इंटरनेट घातलंय. आणि जुगाराची माहिती ‘पाठवणारा किंवा घेणारा’ असे शब्द आहेत. घरी बसून खेळणाराही त्यात येतो. आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला, त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. खेळणारा सुटतो. तू तोच हिशोब इथे धरून बसलायस.

‘पोकर म्हणजे डोकं लागतं, नशीब नाही’ हे तुझं नेहमीचं. लागत असेलही. पण निकालात नशिबाचा बऱ्यापैकी वाटा असेल, तर कौशल्य कितीही लागो, इथला कायदा त्याला नशिबाचाच खेळ मानतो. रेंटनच्या एका वकिलाने, जो स्वतः पोकर खेळायचा, या कायद्याला आव्हान दिलं होतं. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पैशांऐवजी लावायच्या फुकटच्या चिप्सही (चकत्या) भानगडीच्या ठरल्या: बिग फिश कॅसिनो नावाच्या ॲपमधल्या चिप्स या कायद्यानुसार ‘मोलाची वस्तू’ आहेत, म्हणजे त्या लावून खेळणंही जुगारच, असं २०१८ साली फेडरल अपील न्यायालयाने म्हटलं.

मग इथे जुगारच नाही का? आहे. आय-९० महामार्गाने अर्ध्या तासावर स्नोक्वाल्मी या मूलनिवासी जमातीचा कॅसिनो आहे. गावोगावी परवान्याच्या कार्ड रूम आहेत, तिथे जास्तीत जास्त पंधरा टेबलं. राज्याची लॉटरी आहे. हे सगळं उघड, परवान्याने, जागेवर जाऊन खेळायचं. मी तुला जा म्हणत नाही, पण तो गुन्हा नाही.

घरचा डावही चालतो, मात्र त्याला अट आहे. गेल्या दिवाळीत बेलव्ह्यूला एकांकडे तीन पत्ती मांडली होती. खाली चादर, मध्ये चिल्लर आणि डॉलरच्या नोटा, बाजूला चकलीचं ताट. यजमानांच्या मुलाने पिझ्झासाठी म्हणून बुटाचं खोकं ठेवलं आणि प्रत्येक डावातून दोन डॉलर त्यात टाकायला लागला. तीस वर्षं इथे राहिलेले एक काका पत्ते खाली ठेवून म्हणाले, ‘बाळा, ही नाल झाली, डाव भरवणाऱ्याचा वाटा. खोकं उचल.’ घरच्या डावात आपण जिंकू तेवढंच आपलं. डाव भरवणाऱ्याने वर काही घेतलं की तो अड्डा झाला. खोकं आत गेलं, पिझ्झा यजमानांनी स्वतःच्या पैशाने मागवला.

माझं घोडं व्हिसाजवळ अडतंय. तू विद्यार्थी व्हिसावर येणार. अटक झाली होती का, गुन्हा सिद्ध झाला होता का, हा प्रश्न व्हिसाच्या प्रत्येक अर्जात असतो. पुढे नोकरी लागेल, व्हिसा बदलेल, प्रत्येक वेळी तोच प्रश्न. बाबांनी तुझ्या फीसाठी घर तारण ठेवलंय.

आणि नानाकाकांची विहिरीकडची जमीन मटक्यात गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. बाबा अंगणात बसून सातबारा परत परत वाचत होते, ते मी पाहिलंय. म्हणून एवढं लांबवलं.

तर निघण्याआधी ते ॲप काढ. खात्यात पैसे असतील तर आधी काढून बाबांच्या हातात दे, आणि कुठले ते त्यांना खरं सांग. रविवारी सकाळी आठला फोन करते, घरी थांब.

तुझी,
ताई