बाबांचा सहा, आप्पांचा चार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास, त्यानंतर बाबा बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. रात्री ताकभात तेवढा खाल्ला. तुझ्यावर रागावलेले नाहीत. "लेकाला काळजी वाटते गं," एवढंच म्हणाले. पण तू मला मध्ये बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसले. "दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर, आणि तुम्ही दोघं ऑपरेशन न करता मिरजेत वाट बघत बसणार," असं तू म्हणालास. बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रिपोर्टातला तो सहा काय आहे ते आधी ऐक.

31 वर्षं मी पॅथॉलॉजीत काचा केल्या. प्रोस्टेटची बायोप्सी, म्हणजे तपासायला सुईने काढलेला तुकडा, येते ती शेवईएवढी बारीक. मेणात बसवायची, कापायची, कोमट पाण्यावर तरंगलेली पापुद्र्याची पट्टी काचेवर अलगद उचलायची. एवढं करून पॅथॉलॉजिस्ट सरांच्या टेबलावर ट्रे ठेवला की माझं काम संपायचं. पण सर मोठे मनाचे, बोलावून दाखवायचे. कॅन्सरच्या नक्षीला एक ते पाच नंबर असतात. तीन नंबरच्या नक्षीत ग्रंथी सुट्या सुट्या असतात, प्रत्येकीचं कुंपण वेगळं. चारमध्ये त्या एकमेकींत घुसतात. पाचमध्ये ग्रंथीच उरत नाही, नुसत्या पेशी विखुरलेल्या. मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातल्या डॉ. ग्लिसन यांनी 1966 साली ही पद्धत मांडली. सगळ्यात जास्त दिसणारी नक्षी आणि तिच्या खालोखालची, दोन्हींची बेरीज. म्हणून कागदावर दोन ते दहा.

पण 2005 साली या विषयातल्या तज्ज्ञांनी ठरवलं की सुईने काढलेल्या तुकड्यावर दोन, तीन, चार या बेरजा जवळजवळ द्यायच्याच नाहीत. तेव्हापासून रिपोर्ट सहापासूनच सुरू होतो. बाबांचा सहा म्हणजे सगळ्यात खालची पायरी आहे रे. तू घाबरलास तसेच जगभरचे लोक घाबरायचे, म्हणून 2014 मध्ये शिकागोला बसून एक ते पाच असे नवे गट केले. सहा म्हणजे गट 1. सातातही फरक धरला: 3+4 असेल तर गट 2, 4+3 असेल तर गट 3. मी पाठवलेला फोटो मोठा करून बघ, सहाच्या पुढेच 'ग्रेड ग्रुप 1' छापलंय. बारा तुकड्यांतल्या दोनांत, तेही थोडंसं. 2018 पासून नवं स्टेजिंग, म्हणजे कॅन्सर किती पुढे गेलाय ते ठरवायची रीत, आलं, त्यात नुसती गाठ कुठवर पसरली एवढंच बघत नाहीत, हा गट आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचं रक्तात सापडणारं प्रथिन, दोन्ही धरतात. बाबांचा पीएसए 6.8. डॉक्टरांनी हे सगळं जोडून मगच 'लक्ष ठेवू' म्हटलंय.

लक्ष ठेवायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नव्हे. ठरावीक महिन्यांनी पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी. ब्रिटनमध्ये सुमारे 1,600 पुरुषांवर अभ्यास झाला: काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसती नजर. 15 वर्षांनी तिन्हींत या कॅन्सरने गेलेले शंभरात जेमतेम तीन. ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहत नाही कित्येकांचा. बाबांना रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जायचं असतं, ते मला त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही.

बघ, शिकवायलाच लागले. माफ कर. मला खरं तर वेगळंच लिहायचं होतं, आणि लिहायचं नाही असंही ठरवलं होतं.

तुझ्या आजोबांची, आप्पांची बायोप्सी 1998 ची. तो मेणाचा ब्लॉक मी माझ्या हाताने कापला. रिपोर्ट आला 2+2, बेरीज चार. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. माईआत्याला फोन करून "चारच आहे, काही नाही" म्हणाले. तू बारावीत होतास. तिसऱ्या दिवाळीला आप्पांची कंबर धरली, कॅन्सर हाडातच गेलेला निघाला. सरांची चूक नव्हती, तेव्हाचे नियमच तसे होते. आज तीच काच समोर आली तर तिला कोणी चार म्हणेल असं मला वाटत नाही. पण "काही नाही" हे शब्द माझे होते. ते मी अजून गिळलेले नाहीत.

म्हणून आकड्याला घाबरू नको म्हणतानाच दुसऱ्या तोंडाने सांगते: तू तपासून घे. तुझे आजोबा, आता बाबा. बापाला असला तर मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो. तुला जूनमध्ये 45 पूर्ण होतील. गेल्या वर्षीही मी म्हणाले होते, तेव्हा तू "आई, कामं आहेत" म्हणालास. कामं आहेतच. बेंगळुरूत एवढं उभं केलंस, बाबा घाटावर भेटेल त्याला तुझंच सांगत असतात. मी ओरडत नाहीये.

बाबांशी ऑपरेशनवर पुन्हा वाद घालू नकोस. विचारायचं असेल ते डॉक्टरांना विचार, पुढच्या भेटीला फोनवर तुला जोडून घेते. आणि चुलतभावालाही सांग, विट्याचं ते प्रकरण झाल्यापासून तो माझा फोन उचलत नाही. रक्त त्याचंही आप्पांचंच.

पीएसएला उपाशीपोटी जावं लागत नाही. नुसतं रक्त द्यायचं. तू सायकल मारतोस ना शनिवार-रविवार, तेवढी दोन दिवस आधी बंद ठेव, त्याने आकडा उगाच वर जातो. बुधवारी जा. रिपोर्टचा फोटो मला पाठव, बाबांना नको, आधी मला.

सूनबाईला आशीर्वाद. लोणच्याची बरणी सोमवारी कुरिअरने टाकलीय.

तुझी,
आई