भाऊगर्दी म्हणजे नुसती गर्दी नव्हे

महोदय,

निवडणूक जवळ आली की 'इच्छुकांची भाऊगर्दी' हा मथळा ठरलेला. आपल्या अंकातही तो नुकताच वाचला. माझी उमर छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. हा शब्द असा वापरलेला पाहिला की अजूनही मला वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

या शब्दातले भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ. आणि गर्दी म्हणजे माणसांची दाटी नव्हे. बखरींच्या मराठीत गर्दी म्हणजे दंगल, कापाकापी, धूळधाण. 'फौज गर्दीस मिळाली' असं लिहिलं असेल तर फौजेचा नाश झाला असं समजायचं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रणात घुसले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. पुढच्या कत्तलीत नुसते लढवय्ये मेले नाहीत. लष्करासोबत आलेले यात्रेकरू, बायकामुलं आणि उपासमारीने आधीच खंगलेले बुणगे, म्हणजे फौजेमागचे न लढणारे लोकही त्यात सापडले. त्या आकांताला लोकांनी भाऊगर्दी म्हटलं. नानासाहेब पेशव्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर प्राण सोडला. भाऊ गेले यावर तर कित्येकांचा विश्वासच बसेना, इतका की १७७६ मध्ये त्यांच्या तोतयाच्या मागे माणसं उभी राहिली आणि ते बंड पुण्याला मोडून काढावं लागलं.

शब्दांचे अर्थ बदलतात, हे मला मान्य आहे. एकट्या 'गर्दी'बद्दल माझी तक्रार नाही. तो शब्द आता बाजाराचा, लोकलच्या फलाटाचा झाला. क्रिकेटचा सामना गमावला की 'पानिपत' लिहितात, तेही मला खटकतं, पण त्यात निदान पराभव तरी शिल्लक आहे. भाऊगर्दीतून मात्र सगळा शोक पुसला गेला, आणि ज्याचं नाव त्यात आहे तो माणूसही. तिकिटासाठी रांग लावणाऱ्यांना हा शब्द देताना आपण कुणाच्या मरणावरून पुढे जातोय, याची जाणीव मथळा करणाऱ्याला असायला हवी.

उमेदवारांसाठी झुंबड, रीघ, चढाओढ असे शब्द आहेत. मथळ्याच्या मापातही ते सहज बसतात. आपल्या उपसंपादकांना एवढं कळवावं, ही विनंती.

— एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा